वाद्यचिकित्सा : पियानोच्या तारा का झणझणतात?

वैशाख-ज्येष्ठात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार दरवर्षी भेटते, ती म्हणजे पियानोची पट्टी दाबल्यावर सुराबरोबर उमटणाऱ्या नको असलेल्या आवाजाची. कोणी त्याला झणझण म्हणते, कोणी खरखर, कोणी खुळखुळ. हे शब्द वेगळे आहेत आणि त्यांच्यामागची कारणेही बहुधा वेगळी असतात. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत देणगीत मिळालेला जुना उभा पियानो आहे आणि रोजची प्रार्थना त्यावरच होते. चैत्रापासून खर्जातील दोन-तीन पट्ट्या दाबल्या की सुराबरोबर खरखर ऐकू येते. मधल्या सप्तकातील एक पट्टी कधी झणझणते, तर कधी अगदी स्वच्छ वाजते. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या गृहस्थांनी सगळ्या तारा बदलाव्या लागतील असे सांगितले. शाळेला तो खर्च झेपणारा नाही. काय करावे?
— संगीत शिक्षिका, जालना

उत्तर : सगळ्या तारा बदलण्याचा निर्णय कृपया थांबवा. पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २२० ते २३० तारा असतात. खर्जाच्या टोकाला एका पट्टीमागे तांब्याचे वेढे दिलेली एकच जाड तार असते, पुढे दोन-दोन आणि मधल्या व वरच्या सप्तकांत तीन-तीन पोलादी तारा असतात. एकेका तारेवर सरासरी ७० ते ८० किलोंचा ताण असतो, सगळ्यांचा मिळून तो १६ ते १८ टनांच्या घरात जातो आणि तो पेलण्यासाठीच आत ओतीव लोखंडाचा सांगाडा बसवलेला असतो. सगळ्या तारा उतरवणे म्हणजे जुन्या वाद्यावरचा हा सारा भार काढून पुन्हा चढवणे होय. दोन-तीन पट्ट्यांच्या खरखरीसाठी असे करण्याचे काहीही कारण नाही. शिवाय दोष तारेत नसेल, तर नव्या तारांवरही तीच खरखर ऐकू येईल.

आधी ही खरखर म्हणजे काय हे समजून घेऊ. मोकळी, दोन्ही टोकांना घट्ट धरलेली तार कधीही खरखरत नाही. थरथरणारी एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूला निसटती शिवते, सुटते आणि पुन्हा शिवते. सेकंदाला शेकडो वेळा घडणाऱ्या या शिवाशिवीचा आवाज म्हणजे खरखर. त्या दोन वस्तू घट्ट आवळलेल्या असतील तर आवाज होत नाही आणि त्यांच्यात पुरेसे अंतर असेल तरीही होत नाही. दोष असतो तो या दोहोंच्या मधल्या अवस्थेत. त्यामुळे कोणती तार खराब आहे असे न विचारता, कोणत्या दोन वस्तू एकमेकींना निसटत्या शिवत आहेत असे विचारावे. दुरुस्तीही दोनच प्रकारांनी होते. त्या वस्तू एक तर घट्ट बसवायच्या, नाही तर एकमेकींपासून दूर करायच्या.

शोध दोघांनी मिळून घ्यावा. एकाने संशयित पट्टी ठरावीक जोराने पुन्हा पुन्हा वाजवत राहावे आणि दुसऱ्याने कान व हात यांच्या साहाय्याने वाद्याभोवती फिरावे. प्रथम पियानोवरचे सर्व सामान उतरवावे. शाळेतल्या पियानोवर करंडक, तसबिरी, फुलदाणी, खडूचा डबा असे काही ना काही ठेवलेले असतेच, आणि खर्जातील एक सूर तसबिरीची काच हलवायला पुरेसा असतो. मग पियानो भिंतीपासून हातभर पुढे ओढावा. तरीही आवाज राहिला, तर वरचे झाकण, स्वरलिपीचे पुस्तक ठेवण्याची फळी, बिजागऱ्या, कुलपाची पितळी चकती आणि पितळी दीपदाण्या असल्यास त्या, अशा एकेका भागावर तळहात दाबून ठेवावा व त्याच वेळी पट्टी वाजवायला सांगावे. ज्या भागावर हात ठेवल्याबरोबर आवाज थांबेल, तो भाग दोषी समजावा. उभ्या पियानोची पायाशी असलेली मोठी फळी एका स्प्रिंगच्या पट्टीने अडकवलेली असते. ती स्प्रिंग ढिली झाली की नेमके खर्जाचे सूर खडखडू लागतात. मला आजवर भेटलेल्या खरखरींपैकी निम्म्याहून अधिक अशा बाहेरच्या भागांतच सापडल्या आहेत.

यानंतर वरची आणि खालची अशा दोन्ही फळ्या काढून बाजूला ठेवाव्यात, आत विजेरी धरावी आणि साउंडबोर्डच्या तळाशी काय पडले आहे ते पाहावे. साउंडबोर्ड म्हणजे तारांच्या मागची लाकडी फळी. तंबोऱ्यात तबली जे काम करते तेच काम पियानोत ती करते. तिच्या आणि खालच्या चौकटीच्या सांध्यात पेन्सिली, नाणी, टाचण्या आणि खडूचे तुकडे जाऊन बसतात. काही वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरातील एका घरी खर्जाची खरखर ऐकून मी ती तार बदलली होती. नवी तार सुरात आणली तरी खरखर होती तशीच राहिली, आणि शेवटी त्याच सांध्यात अडकलेली केसांची पिन सापडली. तारेचा खर्च मी त्या कुटुंबाला परत केला, परंतु उतरवताना मुडपलेली जुनी, चांगली तार परत चढवता आली नाही. तेव्हापासून खालची फळी काढल्याशिवाय मी खुंटीला चावी लावत नाही.

इतके करूनही आवाज राहिला, तर तो तारेजवळ आहे असे मानण्यास जागा आहे. येथे तीन परीक्षा पुरतात. पहिली अशी, की उजवे पेडल दाबून धरावे म्हणजे सगळे डॅम्पर, म्हणजे तारांवर टेकून त्यांना मुके करणारे गादीसारखे तुकडे, तारांवरून उठतात, आणि मग पट्टी वाजवावी. खरखर नाहीशी झाली, तर डॅम्परचे फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे जाड कापड, तारेला घासत होते. दुसरी परीक्षा म्हणजे पेडल तसेच दाबलेले ठेवून पट्टीऐवजी बोटाने तार छेडावी. छेडल्यावरही खरखर येत असेल, तर तार, तिचे आधार किंवा साउंडबोर्ड यांपैकी काही तरी दोषी आहे. ती केवळ पट्टीने वाजवल्यावरच येत असेल, तर तारेवर आपटणारी हातोडी व तिची यंत्रणा तपासावी. तिसरी परीक्षा जिथे एका पट्टीला दोन किंवा तीन तारा असतात तिथे करायची: रबराची पाचर लावून एकेक तार मुकी करत जावे, म्हणजे नेमकी कोणती तार बोलते आहे ते कळते.

मधल्या सप्तकातील आपली पट्टी कधी झणझणते आणि कधी नाही, यावरून मला वाटते की ती तार निर्दोष असून खोलीतील एखादी वस्तू तिला साद देत आहे. प्रत्येक वस्तूची थरथरण्याची आपली एक उंची, म्हणजे एक ठरावीक सूर, असते आणि तो सूर कुठूनही आला तरी ती बोलते. एखाद्या कपाटाची काच सेकंदाला २२० कंपनांच्या षड्जाला थरथरत असेल, तर ती त्याच्या खालच्या षड्जालाही थरथरेल, कारण त्या ११० कंपनांच्या सुरात २२० चा उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणारा वरचा सूर, असतोच. आणखी एक सप्तक खाली, ५५ कंपनांच्या षड्जावरून सुरू होणाऱ्या सप्तकातील मध्यमालाही ती साद देईल, कारण त्या मध्यमाची कंपने सुमारे ७३ असतात आणि त्यांची तिप्पट पुन्हा २२० च्या जवळ येते. तेव्हा ज्या पट्टीवर आवाज येतो तिचे खालचे षड्ज आणि हा मध्यम वाजवून पाहावे. तिथेही तोच आवाज आला, तर तार सोडून खोलीत शोधावे. शाळेत बाजाची पेटी असणारच. पियानो बंद ठेवून पेटीवर तोच सूर मोठ्याने धरावा आणि काच, पंख्याची जाळी, खिडकीची कडी यांपैकी कोण बोलते ते ऐकावे. दाराची किंवा कपाटाची स्थिती रोज बदलते, म्हणूनच असा आवाज कधी येतो व कधी येत नाही.

चैत्राशीही याचा संबंध आहे. आपल्याकडे होळीनंतर हवा झपाट्याने कोरडी होत जाते, लाकूड आकसते आणि पावसाळ्यात घट्ट बसलेले स्क्रू ढिले पडतात. बिजागऱ्या, फळ्यांच्या पट्ट्या, पेडलचे कंस आणि पायांची चाके यांचे स्क्रू योग्य मापाच्या पेचकसाने, जोर न लावता बेताने आवळावेत. लोखंडी सांगाड्याच्या मोठ्या बोल्टना मात्र आपण हात लावू नये. ते काम केवळ जाणकाराचे आहे.

प्रश्न : आमच्या पियानोत आपण सांगता तशीच तपासणी करून खर्जातील एक तार सापडली. ती जोरात वाजवली की धातू घासल्यासारखी खरखर येते आणि तांब्याच्या वेढ्यांवर बोट टेकवले की थांबते. जवळपास पियानोचा कारागीर नाही. हे काम घरी करता येईल काय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आपले निदान बरोबर वाटते. खर्जाच्या तारेत आत पोलादाची तार असते आणि तिच्यावर तांब्याची तार वेढलेली असते, कारण तार जड झाली की तिची कंपने मंदावतात आणि सूर खाली जातो. असे केले नसते तर २७.५ कंपनांचा सर्वांत खालचा सूर काढण्यासाठी कित्येक मीटर लांबीचा पियानो लागला असता. हे वेढे आतल्या तारेला घट्ट चिकटून असले पाहिजेत. पुष्कळ वर्षांनी, बहुतेक वेळा टोकाशी, ते किंचित सुटतात आणि आतली तार थरथरताना वेढ्याच्या आतल्या बाजूला घासू लागते. वर सांगितलेली निसटती शिवाशिव इथे तारेच्या पोटातच चाललेली असते.

यावरचा उपाय जुना आहे आणि अनेकदा गुणही देतो. तार ढिली करून तिचा खालचा फास अडकखिळ्यावरून काढायचा, वेढे ज्या दिशेने दिले आहेत त्याच दिशेने तारेला एक पूर्ण पीळ द्यायचा आणि फास पुन्हा खिळ्यात अडकवून तार सुरात आणायची. पिळामुळे वेढे आतल्या तारेवर आवळले जातात. दिशा चुकली तर ते आणखी सुटतील, म्हणून चांगल्या उजेडात, भिंगातून वेढ्यांचा कल पाहून मगच पीळ द्यावा. आखूड तारेला अर्धा पीळही पुरतो. एकाहून अधिक पीळ देण्याचा मोह टाळावा.

आता घरी करण्याविषयी. खुंटी फिरवायला पियानोची खास चावीच लागते, कारण पान्याने किंवा पकडीने खुंटीच्या कडा झिजतात आणि मग ती कोणत्याच चावीला दाद देत नाही. खुंटी सैल करण्याआधी तिच्या कडेवर खडूने खूण करावी आणि फास सुटण्यापुरतीच, म्हणजे साधारण एक ते दीड फेरा, ती फिरवावी. खुंटीवरची वेटोळी बोटाने दाबून धरावीत, नाहीतर ती उसळून विस्कटतात. फास हातातून सुटला तर दिलेला पीळ क्षणात उलगडतो, म्हणून तो पकडीत धरूनच खिळ्यापर्यंत न्यावा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, आणि लहान मुलांना त्या वेळी खोलीत येऊ देऊ नये. जुनी गंजलेली तार चढवताना तुटली, तर ती चाबकासारखी येते. हे सर्व वाचून मन साशंक झाले असेल, तर काम कारागिरावर सोपवावे. खरखरणाऱ्या तारेमुळे वाद्याचे काही बिघडत नाही, ती चार महिने थांबू शकते. काम केलेच, तर तार पुढचे काही दिवस उतरत राहील आणि तिला तीन-चार वेळा सुरात आणावे लागेल, हे धरून चालावे.

पीळ देऊनही खरखर राहिली, तर ती एकच तार नवी करून घ्यावी. अशी तार मापाने वेढून घ्यावी लागते. जुनी तार जपून गुंडाळून नमुना म्हणून पाठवावी आणि सोबत आतल्या तारेची जाडी, वेढ्यांसकट जाडी, तसेच वेढे कुठून कुठपर्यंत आहेत ती लांबी लिहून द्यावी.

प्रश्न : मी तंबोरा जुळवते. आमच्याकडे जवारी नसलेला तंबोरा मुका मानतात, मग पियानोत तीच झणझण दोष कशी ठरते? आमच्या पियानोच्या मधल्या सप्तकातील एक तार, जोडीच्या दोन तारा मुक्या केल्या तरी, एकटीच लहरत राहते. ही जवारीच म्हणावी काय?
— गायिका, अंबाजोगाई

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण त्यात पियानोच्या घोडीचे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या आधाराचे, सारे मर्म आले आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता, गोलसर घासलेला असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते, आणि खाली सरकवलेला सुताचा दोरा ती कुठे टेकावी हे ठरवतो. दोरा केसभर सरकला की जवारी उघडते किंवा मिटते, हे आपण रोज पाहता. या टेकण्या-सुटण्यामुळे तारेची शक्ती वरच्या उपस्वरांत सतत वाटली जाते आणि म्हणूनच नुसत्या षड्ज-पंचमावर जुळवलेल्या तंबोऱ्यातून गंधारही ऐकू येतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीचा याच दृष्टीने अभ्यास मांडला होता. तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू (जिथे तार हलत नाही ती जागा) येतो ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटायला नकोत, पण या वाद्यांत ते उमटतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

पियानोची घोडी नेमकी याच्या उलट विचाराने घडवलेली आहे. कठीण लाकडाच्या त्या घोडीवर प्रत्येक तारेसाठी दोन तिरप्या पोलादी पिना ठोकलेल्या असतात आणि तार त्यांच्यामधून आडवी-तिडवी वळवून नेलेली असते. त्यामुळे ती बाजूलाही दाबली जाते आणि खालीही. पिनेच्या रेषेत घोडीचे लाकूड धारदार छिनीने कापलेले असते, म्हणजे तारेची लांबी एका ठाम बिंदूवर संपते आणि टेकायला-सुटायला उतार उरत नाही. आपल्या तंबोऱ्यात चार तारा संथपणे एकच आस धरून ठेवतात, म्हणून तिथे जवारी शोभते. पियानोत मात्र दहा बोटांनी दहा सूर एकदम वाजतात आणि त्या प्रत्येकाला अशी झालर लागली, तर कोणताच सूर दुसऱ्याशी नीट मिळणार नाही.

आपली लहरणारी तार ही, मला वाटते, अपघाताने तयार झालेल्या जवारीसारखीच आहे. बहुधा घोडीवरची पिन लाकडात ढिली झाली असावी. तार उभी थरथरते तेव्हा तिला एक लांबी मिळते आणि आडवी थरथरते तेव्हा पिनेसकट हलल्यामुळे किंचित निराळी लांबी मिळते. एकाच तारेतून अगदी जवळचे दोन सूर निघतात आणि त्यांच्या मेळातून ती लहर ऐकू येते. परीक्षा सोपी आहे. जोडीच्या तारा मुक्या ठेवाव्यात, सूर वाजत असताना पेचकसाच्या टोकाने ती पिन तारेच्या दिशेने हलकेच दाबावी आणि लहर थांबते का ते ऐकावे. थांबली, तर पिनेच्या मुळाशी झटपट चिकटणाऱ्या पातळ गोंदाचा एकच थेंब सोडतात. तो लाकडाच्या भेगेत शिरून पिन धरून ठेवतो. थेंब तारेवर किंवा फेल्टवर पडता कामा नये. पिनेभोवती घोडीच फुटली असेल, तर गोंदाने भागणार नाही, ती दुरुस्ती कार्यशाळेतली आहे. काही जण अशा वेळी तार घोडीवर हातोडीने ठोकून बसवतात. त्याने दोन दिवस बरे वाटते, परंतु घोडीच्या लाकडात खोबण पडते आणि पुढे दोष वाढतो, म्हणून मी तो उपाय सुचवत नाही.

ही लहर वरच्या सप्तकांत थोडीफार जवळजवळ प्रत्येक पियानोत सापडते. आपल्यासारखा जुळवण्याचा सराव असलेला कान ती लगेच पकडतो. कानाला खटकत नसेल तर तिच्या मागे लागू नये.

प्रश्न : पट्टी सोडताना 'झिंइं' असा आवाज येतो, वाजवताना येत नाही. कारण काय?
— एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर : पट्टी सोडली की डॅम्पर तारेवर परत बसतो. त्याचे फेल्ट जुने होऊन कडक झाले असेल किंवा त्यावर तारेचे खोल ओरखडे उमटले असतील, तर ते तारेला मऊपणे न धरता आधी तिला घासते. फेल्ट सुईने हलकेच टोचून मऊ करता येते, पण कसर लागलेले असेल तर बदलणेच बरे. लोकरीचे फेल्ट हे कसरीचे आवडते खाद्य आहे, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या पियानोंत मी तिचीच नासधूस सर्वाधिक पाहिली आहे. घोडी आणि अडकखिळा यांच्या मधल्या तारांत विणलेली कापडी पट्टीही पाहून घ्यावी. कसरीने ती खाल्ली, तर तारांचा एरवी मुका राहणारा तो भाग झिणझिणू लागतो. सर्वांत वरच्या सुमारे दीड सप्तकाला मात्र डॅम्पर नसतातच, त्यामुळे तिथले सूर पट्टी सोडल्यावरही वाजत राहतात. तो दोष समजू नये.

प्रश्न : आमच्या पियानोच्या साउंडबोर्डला मागून पाहता एक लांब उभी-तिरपी चीर दिसते आणि उन्हाळ्यात मधले अनेक सूर भणभणतात. पियानोत पाण्याची भांडी ठेवावीत असे कोणी सुचवले. कूलर पियानोच्या समोरच्या खिडकीत आहे. चीर बुजवावी काय?
— निवृत्त प्राध्यापक, लातूर

उत्तर : चीर दिसली म्हणून पियानो गेला असे नाही. साउंडबोर्ड स्प्रूस नावाच्या हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाच्या फळ्या जोडून केलेला असतो आणि मागून त्याला आडव्या बरगड्या चिकटवलेल्या असतात. कोरड्या हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, बरगड्या त्याला आकसू देत नाहीत आणि एखादी रेष उकलते. चीर पडलेले पुष्कळ जुने पियानो वर्षानुवर्षे उत्तम वाजत राहतात. आवाज येतो तो चिरेच्या दोन कडा एकमेकींना घासल्या तर, किंवा बरगडी साउंडबोर्डपासून सुटली असेल तर. एकट्या तारेची नव्हे, तर अनेक सुरांची भणभण ऐकू येते, यावरून आपल्याकडे बरगडीच सुटली असण्याचा संभव मला अधिक वाटतो. पियानो भिंतीपासून ओढून कोणाला तरी वाजवायला सांगावे आणि आपण मागून चिरेजवळच्या बरगड्या एकेक करून तळहाताने दाबाव्यात. जिथे दाबल्यावर भणभण बंद होईल, तिथे पेन्सिलीने खूण करावी. कारागीर त्या सांध्यात पातळ पात्याने गोंद सोडतो आणि बरगडी वॉशर लावलेल्या स्क्रूने आवळतो. चिरेत पाचरीसारखी स्प्रूसची चीप बसवणे ही पुढची पायरी आहे. खूण केलेला पियानो समोर आला, तर पुण्या-मुंबईहून आलेल्या कारागिराचा अर्धा दिवस वाचतो.

खरे काम मात्र कूलरचे आहे. पियानोला ४० ते ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते आणि त्याहूनही अधिक, ती एकसारखी असणे मानवते. दुपारी ४१-४२ अंशांची कोरडी हवा, संध्याकाळी कूलरचा ओला झोत थेट साउंडबोर्डवर, आणि टँकर न आल्यामुळे दोन दिवस कूलर नुसताच पंख्यासारखा फिरतो आहे, हे चढउतार लाकडाला कोरडेपणाहून अधिक छळतात. कूलर किंवा पियानो, दोहोंपैकी एकाची जागा या आठवड्यातच बदलावी. पियानो आतल्या भिंतीला लावावा. पश्चिमेच्या उन्हाने तापणारी भिंत त्याच्यासाठी वाईट. पाण्याची भांडी पियानोच्या आत ठेवू नयेत. त्यांनी हवेत फारसा फरक पडत नाही, आणि धक्का लागून पाणी सांडले तर खालची फळी फुगते, पेडलच्या सळ्या गंजतात. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे वाद्यासाठी पाणी राखून ठेवा असे मी सांगणारही नाही. त्यापेक्षा दुपारी खोलीची दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, जाड पडदे लावावेत आणि पियानोवर जाड सुती आच्छादन घालावे. पंधरा-वीस रुपयांच्या वहीत रोजचे तापमान आणि साध्या आर्द्रतामापकाचा आकडा टिपला, तर भणभण कोणत्या दिवशी वाढते ते आपल्यालाच दिसेल. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की लाकूड फुगून चीर आपोआप मिटल्यासारखी दिसेल, मधल्या सप्तकाचे सूरही थोडे चढतील. त्यावरून दुरुस्तीची गरज संपली असे मात्र समजू नये. चीर बुजवायची असल्यास ती उन्हाळ्यात, पूर्ण उघडलेली असतानाच बुजवावी, पावसाळ्यात नव्हे.

प्रश्न : माझा पियानो डिजिटल आहे, तरीही त्यातून सतत गुणगुण येते. तार तपासायची तर तारच नाही.
— एक वाचक, परभणी

उत्तर : पट्टी न दाबताही गुणगुण येत असेल आणि तिची उंची बदलत नसेल, तर ती विजेची आहे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि अर्थिंग नीट नसले की तिचा गुंजारव स्पीकरमधून ऐकू येतो. हेडफोन लावून पाहावे, वाद्य दुसऱ्या घरी नेऊन लावून पाहावे, आणि तिथे आवाज नसेल तर वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. पट्टी दाबल्यावरच आवाज येत असेल, तर स्पीकरवरची जाळी किंवा स्टँडचे बोल्ट ढिले आहेत का ते पाहावे.

प्रश्न : एका बंगल्यातील जुना उभा पियानो विकत घेण्याचा विचार आहे. झणझण आहे की नाही, हे घेण्यापूर्वी कसे पारखावे?
— पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शक्य असेल तर एप्रिल-मे महिन्यात, दुपारच्या वेळी पाहायला जावे, कारण कोरड्या हवेत वाद्य आपले दोष लपवू शकत नाही. वरचे सामान उतरवून, दोन्ही फळ्या काढून, डावीकडच्या पहिल्या पट्टीपासून ८८ व्या पट्टीपर्यंत प्रत्येक पट्टी आधी हळू आणि मग जोराने वाजवावी आणि ज्या पट्ट्या झणझणल्या त्यांचे क्रमांक लिहावेत. एखाद-दुसरी खर्जाची तार खरखरली, ढिल्या पिनांमुळे तारा थोड्या लहरल्या किंवा फळ्या खडखडल्या, तर तेवढ्यावरून सौदा मोडू नये. हे दोष दुरुस्त होतात आणि किमतीत ते धरता येतात. पण घोडीच्या माथ्यावर पिनांच्या ओळीने सलग भेग दिसली, अनेक खुंट्या चावीला हलक्याच फिरल्या, किंवा पियानोच्या मागे भुशाच्या बारीक ढिगाऱ्या आढळल्या, तर घेऊ नये. वाळवीने किंवा भुंग्याने आत पोखरलेल्या लाकडावर १८ टनांचा ताण पुन्हा चढवण्याचे धाडस मी कोणत्याही किमतीला करणार नाही.